मेलेल्या मॉडांचं पान

माझ्या धाकट्या भावाला घरात, दारात आणि कामावर सगळे पंच म्हणतात. खेळातला पंच नव्हे, मैदानावर कधी पाय ठेवला असेल तर शपथ. लहानपणापासून निकाल देत आला म्हणून पंच. माझ्या बाहुलीचा एक डोळा मिटेनासा झाला, तेव्हा त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, "हिचं आता काही होणार नाही" म्हणाला आणि गच्चीवरून खाली टाकून दिली. मी भोकाड पसरलं तर म्हणतो कसा, "ताई, तू रडल्यानं तिचा डोळा मिटणारे का?" तेव्हा तो शाळेतसुद्धा जात नव्हता.

मोठा झाल्यावर तो कवळ्या बनवायला लागला. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात, त्यांवर दात बसवून द्यायचे, असं त्या लॅबमधलं काम. हात फार चांगला आहे त्याचा, मी त्याची वैरीण असते तरी हे मान्य केलं असतं. पण संध्याकाळी घरी आला की नखांतलं प्लास्टर काढता काढता लोकांच्या तोंडांची टिंगल सुरू. कोणाच्या हिरड्या इतक्या झिजल्यात की कवळी टिकणारच नाही, कोणता म्हातारा उगीच हौस करतोय. "अशांना सरळ पातळ प्यायला सांगावं," असं म्हणून तो स्वतः ताटावर बसायचा. लग्नासाठी मुली पाहिल्या, त्या सगळ्यांवरही निकाल देऊन झाले. मग मी नाद सोडला आणि तो माझ्याच घरी राहिला.

पण त्याची खरी सत्ता होती ती कॉम्प्युटरवर. बस चालवायचा एक गेम आहे. कंपनीनं तो बनवला, आणि जगभरचे हौशी लोक त्याला आपापले तुकडे जोडतात. कोणी नवी बस, कोणी धुकं, कोणी अख्ख्या गावाचा नकाशा. या तुकड्यांना मॉड म्हणतात. मी कपडे दुरुस्त करणारी बाई, चेन बदलते, कंबर सैल करते, म्हणून मला ते माझ्या पद्धतीनं कळलं. कंपनी अधूनमधून गेमचं नवं व्हर्जन काढते, म्हणजे शर्टाचा खांदाच बदलते, आणि कालपर्यंत बसणारी बाही आज बसत नाही. शिवाय दोन मॉडांचं आपसांत पटत नाही ते वेगळंच. दोघं एकाच जागेवर हक्क सांगतात आणि गेम मटकन बंद पडतो. मग लोक एका साइटवर येऊन गाऱ्हाणं मांडायचे, आणि तिथे निवाडा करायला आमचा पंच बसलेला.

दोष शोधायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. मॉड ढीगभर असले की तो आधी अर्धे बंद करायचा. गेम चालला तर गुन्हेगार बंद केलेल्यांत, नाही चालला तर उरलेल्यांत. मग त्यांतले पुन्हा अर्धे. असं करत करत शेवटी एकच हाती लागायचा. सुरुवातीच्या दिवसांत तो त्या मॉडच्या मालकाला समजावून सांगायचा, कुठे काय बदलायचं ते. पुढे समजावणं सुटलं आणि निकाल तेवढा राहिला. साइटवर त्यानं एक पानच काढलं. चालेनासा झालेला मॉड त्या पानावर जाणार आणि त्यापुढे ठरलेली वाक्यं: जुना आहे. कशाशी जुळत नाही. काढून टाका. त्याच्यानंतर आणखी एक वाक्य असायचं, खास त्या माणसाला झोंबेल असं. ते जमून आलं की जेवताना मला वाचून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. लोक त्या पानाला मेलेल्यांचं पान म्हणायला लागले, तर याची कॉलर आणखी ताठ.

एवढ्यावर भागलं नाही. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं झाडू. तुम्ही तो आपल्या कॉम्प्युटरवर टाकायचा. तो मेलेल्यांचं पान वाचतो आणि त्यावरचे जेवढे मॉड तुमच्याकडे असतील तेवढे न विचारता पुसून टाकतो. पुष्कळांनी घेतला. मी एकदा विचारलं, "आणि पुसलेलं परत हवं झालं तर?" म्हणाला, "मढी घरात ठेवायची नसतात, ताई."

आता दादाचं सांगते. आमचा थोरला भाऊ खरी बस चालवायचा. नोकरीला लागल्यापासून त्याला एकच मार्ग, डेपोतून निघायचं ते दुसऱ्या टोकाला जाऊन परत डेपोत. माणूस हसतमुख, धावत येणाऱ्यासाठी थांबणारा. नोकरी संपली, वहिनी गेली, आणि मागोमाग दादाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळ्या भाषेतून एक शब्द तेवढा शिल्लक राहिला, "चला". भूक लागली तरी चला, लघवीला जायचं असलं तरी चला, राग आला तरी चला. मी त्याला माझ्या घरी आणलं. कोणता चला कशाचा, हे सुरावरून ओळखायला आम्ही दोघं शिकलो.

पंचानं जन्मात एक चांगलं काम केलं असेल तर ते तेव्हा केलं. दादासाठी वेगळा कॉम्प्युटर मांडला, टेबलाला स्टिअरिंग घट्ट आवळलं, सगळं डाव्या हातानं चालेल असं करून दिलं. आणि शोधता शोधता त्याला दादाच्याच मार्गाचा नकाशा सापडला. बनवणारा कोणी साइटवर स्वतःला खडू म्हणवायचा. तो त्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला. खरा रस्ता आता उरलेला नाही. वर उड्डाणपूल आला, डेपो पाडून तिथे दुकानं झाली, निम्मा मार्ग कुठल्या कुठे वळवला. खडूनं तो आठवणीतून आणि जुन्या फोटोंवरून पुन्हा उभा केला होता. रंग उडालेली पाण्याची टाकी, शाळेच्या कोपऱ्यावरचं मोडकं कुंपण, डेपोच्या फाटकाशी पसरलेला कुत्रा, सगळं. आणि घंटी. थांब्यावर माणसं चढली, दार लागलं की कंडक्टरची डबल बेल वाजायची, टण् टण्, आणि मग गाडी हलवायची.

पहिल्या दिवशी दादा स्टिअरिंगवर डावा हात ठेवून नुसता बघत बसला. टण् टण् झालं. त्याचा उजवा हात, जो महिनोन् महिने मांडीवर मेल्यासारखा पडून होता, तो गिअरकडे जायला म्हणून किंचित हलला. "चला," दादा म्हणाला, त्याच्या जुन्या आवाजात. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर रोज नाश्ता झाला की दादा ड्यूटीवर. जेवणापर्यंत उठायचा नाही. त्याचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, बसतात किती ताठ आता.

मग गेमचं नवं व्हर्जन आलं आणि खडूचा नकाशा लोकांकडे बंद पडायला लागला. गाऱ्हाणी आली. खडूनं साइटवर लिहिलं की आई अंथरुणाला खिळली आहे, मला थोडा वेळ द्या, मी दुरुस्त करतो. पंचानं त्याच दिवशी त्याला मेलेल्यांच्या पानावर बसवलं. जेवताना शेवटचं वाक्य मला वाचून दाखवलं: "आईची सेवा करा, नकाशे करू नका, निदान एक तरी काम धड होईल."

घास माझ्या हातातच राहिला. "अरे, हा आपल्या दादाचा नकाशा ना?"

"दादाकडे जुनंच व्हर्जन आहे. नेटसुद्धा काढून ठेवलंय. त्याला काय धाड भरलीय?"

"मग त्या बिचाऱ्याला थोडे दिवस दिलेस तर तुझं काय जातं?"

"एकाला दिले की सगळे मागतात," पंच म्हणाला आणि वाढून घेतलं.

खडूनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपले सगळे नकाशे साइटवरून उतरवले आणि निघून गेला. पंचाला वाटलं, बरी ब्याद टळली.

पुढे एकदा पंचाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, आणि नेमकं त्याच दिवशी साइटवर कोणीतरी त्याच्या एका निकालाला आव्हान दिलं. याला धीर कुठला. मी दादाला घेऊन दवाखान्यात गेले होते. पंच दादाच्या खुर्चीत बसला, नेट जोडलं, गेम सुरू केला. गेमनं आपणहून नवं व्हर्जन घेतलं. ते त्याला माहीत होतं, काम झालं की जुनं परत बसवणार होता, तेवढं त्याला येतं. पण तपासणी करायची तर कॉम्प्युटर आधी स्वच्छ हवा, हा त्याचा नियम. नियमाप्रमाणे त्यानं झाडू फिरवला. झाडूनं मेलेल्यांचं पान उघडलं आणि त्यावर जे लिहिलं होतं ते केलं. त्यानंतर पंचानं अर्धे बंद, अर्धे चालू करत आपला निकाल बरोबर असल्याचं सिद्ध केलं आणि त्या माणसाला चांगलं सुनावलं.

आम्ही आलो. दादानं चप्पलही काढू दिली नाही, टेबलाकडे बोट दाखवून "चला". पंचानं जुनं व्हर्जन बसवलंच होतं. गेम उघडला आणि पडद्यावर आलं की नकाशा सापडत नाही, दुसरा निवडा. पंचानं माउस इकडेतिकडे हलवला, दोन-चार ठिकाणं उघडून पाहिली, आणि त्याचं तोंड उतरलं. ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"प्रत असेल ना?" मी विचारलं.

"नाही."

"साइटवर?"

"त्यानं काढले ना सगळे."

"का काढले?"

त्यानं आणखी एक ठिकाण उघडून पाहिलं. मला कारण माहीत होतं, पण मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी पुन्हा विचारलं. तो माउसकडे बघत म्हणाला, "माझ्यामुळे." तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, पण दादा बघत होता म्हणून मी थांबले.

पंचानं कंपनीचंच एक शहर लावून दिलं. चकाचक, काचेच्या इमारतींचं. दादा स्टिअरिंग धरून बसला. माणसं चढली, दार लागलं, आणि दादा वाट बघत राहिला. त्या शहरात डबल बेल नव्हती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. "दादा, जा ना, रस्ता मोकळा आहे," पंच म्हणाला. शेवटी दादानं गाडी काढली. थोडं पुढे गेल्यावर, पाण्याच्या टाकीचं वळण जिथे यायचं तिथे त्यानं डावीकडे वळवली. तिथे वळण नव्हतं, दुकान होतं. गाडी काचेत. पडद्यावर दंड आला. दादानं मागे घेतली, पुढे गेला, शाळेच्या कोपऱ्याला वळला आणि पुलाचा कठडा तोडून नदीत पडला. तो आपलाच मार्ग चालवत होता, दुसऱ्याच्या शहरात. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तेच दुकान आणि तीच नदी. मग त्यानं डाव्या हातानं स्टिअरिंगवर गुद्दे मारले आणि ओरडला, "चला, चला." त्याचे सगळे चला मला ओळखता येतात, हा नवीन होता. दुपारी त्यानं ताट लोटून दिलं.

पंचानं इकडून तिकडून खडूचा पत्ता मिळवला. पहिल्यांदा त्यानं साहेबी थाटात लिहिलं, सदर फाइल आपल्याकडे असल्यास पाठवावी. उत्तर आलं नाही. मी त्याच्या खांद्याशी उभी राहिले आणि म्हटलं, खरं लिही. मग त्यानं दादाचं लिहिलं, झटक्याचं, चलाचं, झाडूचं. मी एक शब्द गाळू दिला नाही.

त्याचं उत्तर आलं. ते मला पाठ आहे. "तुमच्या दादांच्या गाडीतून मी शाळेत जायचो. मी धावत यायचो आणि ते थांबायचे. त्यांना माझा नमस्कार सांगा. नकाशा माझ्याकडे नाही. काढून टाका असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काढून टाकला. पुन्हा करायला आता मला वेळ भरपूर आहे, आई राहिली नाही. पण करणार नाही. तुम्ही करा. त्या रस्त्यातलं तुमच्या दादांइतकं कोणाला कळतं? त्यांना विचारा."

नमस्कार मी दादाला सांगितला. तो म्हणाला, "चला."

पंच करायला बसला. हाताला वळण आहे, जिद्द आहे, सगळं आहे. रस्ताच माहीत नाही. मला विचारलं, तर मी कायम बाजारापर्यंत जाऊन उतरणारी, पुढचं मला काय ठाऊक. मी म्हटलं, "तू कॉलेजला जायचास की त्याच मार्गावरून." कॉलेजात असताना दादाची गाडी दिसली की हा टपरीच्या मागे उभा राहायचा. ती जाऊ द्यायची आणि दुसऱ्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीनं जायचं. ड्रायव्हर आपला भाऊ आहे हे मित्रांना कळू नये म्हणून. दादाला दिसायचं सगळं, आरशातून. घरी येऊन मला सांगायचा, "आज पण आपले साहेब टपरीमागे." सांगताना हसायचा.

मग पंचानं एक युक्ती काढली. गेममध्ये एक सपाट माळ बनवला, रस्ता नाही, घर नाही, काही नाही. त्यावर दादाला गाडी दिली. दादा जिकडे वळेल ती रेघ उमटणार, आणि त्या रेघेवर पंच रस्ता बांधणार. पण दादा घंटी झाल्याशिवाय गाडी हलवेना. दार लागलं की आपोआप वाजेल अशी घंटी पंचानं बसवून पाहिली. जमलं नाही. दादा दार लावतो आणि आरशात बघत बसतो, कोणी धावत येतंय का म्हणून. तेवढ्यात घंटी वाजली की खवळतो. कधी वाजवायची ते त्याच्या मानेवरून कळतं. मान सरळ झाली की वाजवायची. तेव्हा पंच स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन शेजारी स्टुलावर बसला. टण् टण्. "चला." गाडी निघाली.

पहिले काही दिवस रेघा एकमेकींवर चपखल बसल्या. डेपो, टाकी, डावीकडे, शाळा. पंचानं शाळेपर्यंतचा रस्ता बांधून काढला, टाकीसुद्धा उभी केली. बऱ्याच दिवसांनी तो जेवताना बोलला. मग एके दिवशी शाळेनंतर दादा उजवीकडे गेला, दुसऱ्या दिवशी डावीकडे, तिसऱ्या दिवशी सरळ. पंचानं वेगवेगळ्या रंगांच्या रेघा एकीवर एक ठेवून पाहिल्या. जुळेनात. अर्ध्या दिवसांच्या रेघा बाजूला काढून पाहिल्या, मग उरलेल्या अर्ध्यांच्या, त्याच्या त्या अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीनं. तेव्हाही जुळेनात. पुढे टाकीचं वळणही सरकलं. त्याच सुमारास व्यायामाच्या बाई दादाची बोटं मोकळी करता करता मला सांगत होत्या, "अशा पेशंटचं असंच असतं. रोज डोळ्यांसमोर असतं ते टिकतं, समोरून गेलं की आतूनही जातं." त्या बिचाऱ्यांना नकाशाचं काही माहीत नव्हतं. पंच दारात उभा होता. मी त्यांना म्हटलं, "बाई, जरा मोठ्यानं सांगा, मला नीट ऐकू आलं नाही."

एक दिवस दादानं डेपोतून गाडी बाहेर काढली ती उलट्या बाजूला. त्यानंतर पंचानं रेघा काढणं बंद केलं.

गाडी मात्र चालू आहे. नाश्ता झाला की दादा अजूनही बसतो. त्या माळावर वाटेल तिथे थांबतो, दार उघडतो, कोणी नसलेल्यांना चढू देतो, दार लावतो, आरशात बघतो. मग मान सरळ होते आणि पंचानं चमचा मारायचा. लॅबमध्ये त्यानं दुपारनंतरची वेळ मागून घेतली आहे. साइटवर उत्तरं देणं जमेना म्हणून तिथलं पद दुसऱ्या कोणाला दिलं. त्या नव्या माणसानं परवा झाडूच मेलेल्यांच्या पानावर टाकला, नव्या व्हर्जनवर चालत नाही म्हणून. जुना आहे, कशाशी जुळत नाही, काढून टाका. पंचानं मला वाचून दाखवलं, जसं पूर्वी दाखवायचा. मी हसले. तो पेला पुसत बसला.

काल सकाळी तो स्टुलावरून उठून माझ्या मशीनपाशी आला. मनगट सुजलं होतं. "ताई, आजचा दिवस तू वाजवतेस का? मी जरा पडतो."

"मला काम आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्या मांडीवरच्या पँटकडे पाहिलं. चेन बसवून झाली होती, दोरासुद्धा तोडला होता. आतून दादानं "चला" म्हणून हाक मारली, तो वाट बघत होता. पंच आत गेला. मी टाके काढायची उसवणी घेतली, नुकती बसवलेली ती चेन एकेक टाका करून उसवली, आणि पुन्हा बसवायला घेतली.